सुट्टी आणि गाठ

सुट्टी लागते, सुट्टी पडते. रजा घ्यावी लागते, टाकावी लागते, मंजूर करून घ्यावी लागते. बोलताना आपण साहेबांकडे दोन दिवसांची सुट्टी मागतो खरे, पण कागद पुढे ओढला की विषयाच्या ओळीत ‘रजा मिळण्याबाबत’ असेच लिहितो. उलट ‘दिवाळीची रजा पडली’ असे कोणाच्या तोंडून येत नाही. क्रियापदांची ही निवड आपल्याला कोणी शिकवलेली नसते, तरी ती चुकत नाही. सुट्टी सगळ्यांची असते, तिला कोणाची सही लागत नाही. रजा एकट्याची असते आणि दुसऱ्याच्या मर्जीवर उभी असते.

ही मर्जी रजेच्या पोटातच आहे. अरबीत ‘रिज़ा’ म्हणजे संतोष, संमती. फारसीच्या वाटेने हा शब्द दरबारी मराठीत आला, आणि त्याच्या कुळातला ‘राजी’ही आला. राजी असल्याचा कागद तो राजीनामा. आज नोकरी सोडताना जो देतात तो कागद मुळात संमतीचा लेख होता. जुनी माणसे बैठकीतून उठताना ‘रजा घेतो’ म्हणत, तेव्हा ‘आपली संमती असेल तर निघतो’ एवढा सगळा अदबीचा भाव त्या दोन शब्दांत मावत असे. रजेतला माणूस कायम कोणाच्या तरी तोंडाकडे पाहत उभा आहे.

सुट्टीचे कूळ वेगळे, आणि ते घरचे आहे. प्राकृतात ‘छुट्ट’ असा धातू होता. हिंदीने त्याचा छ जपला आणि छूटना, छोड़ना, छुट्टी हे शब्द घडवले. मराठीची जुनी खोड अशी, की प्राकृतातला छ तिच्या उंबऱ्याशी आला की त्याचा स किंवा श होतो. हिंदीत छुरी, मराठीत सुरी. तिकडे पूछना, इकडे पुसणे. कछुआ आणि कासव, मछली आणि मासळी, छींक आणि शिंक, छाँव आणि सावली, या जोड्या एकाच नियमाने बांधलेल्या आहेत. मराठीच्या घडणीवर झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचा ग्रंथ १९२० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला, त्यात अशा ध्वनिनियमांची शिस्तवार मांडणी आहे. वा. गो. परांजपे यांनी तो ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने मराठीत आणला. मराठीच्या इतिहासाबद्दल आस्था असणाऱ्याने तो एकदा तरी चाळावा. रोजचे शब्द किती लांबून चालत आले आहेत हे त्यात पानोपानी दिसते.

छुट्टचे मराठीत सुटणे झाले, आणि त्याचे प्रयोजक रूप सोडणे. तुटणे आणि तोडणे, फुटणे आणि फोडणे, तसेच सुटणे आणि सोडणे. एकीकडे आपोआप घडणारी क्रिया, दुसरीकडे ती घडवणारा हात. सुटणाऱ्यामागे बहुधा एक सोडणारा असतो. मराठीच्या वळणाप्रमाणे जोड ट एकेरी व्हायला हवा, आणि सूट, सुटका, सुटसुटीत या शब्दांत तो तसा झालाही आहे. म्हणून काही वर्तमानपत्रे कटाक्षाने ‘सुटी’ छापतात. शाळेच्या फाटकातून बाहेर पडणारी मुले मात्र ‘सुट्टी’ असेच ओरडतात. मला मुलांचे म्हणणे पटते. दिवसभर दाबून धरलेले काही मोकळे व्हायचे तर त्याला जोडाक्षरच हवे.

या सुटण्याचा मराठीतला पसारा पाहण्यासारखा आहे. वारा सुटतो, घाम सुटतो, पोट सुटते, तोंडाला पाणी सुटते. स्थानकातून गाडी सुटते. गणित सुटते, कोडे सुटते, उपास सुटतो. बंद्या रुपयाची मोड झाली की हाती येतात ते सुटे पैसे. या प्रत्येक ठिकाणी आधी काहीतरी धरलेले, बांधलेले, अडलेले असते. बांधलेपण नसेल तर सुटण्याला अर्थच राहत नाही. सुट्टी या शब्दाच्या आत म्हणून एक गाठ आहे, आणि मला वाटते, आपण सुट्टीबद्दल बोलतो तेव्हा या गाठीबद्दल फार कमी बोलतो. मोकळा वेळ, करमणूक, प्रवास, झोप, हे सारे सुट्टीत काय भरायचे त्याविषयी झाले. शब्द मात्र विचारतो आहे, की तू कशाला बांधलेला होतास, आणि तुला सोडले कोणी?

शेतावर याचे उत्तर डोळ्यांना दिसते. जुवाच्या शिवळा काढल्या, जोती सोडली, की औत सुटते. घड्याळ नसलेल्या घरांत ही वेळच होती. ‘औतं सुटायच्या वक्ताला ये’ असा निरोप धाडला की तो कोणाला उलगडून सांगावा लागत नसे. इथे गाठ खरोखरीची आहे, चामड्याची आणि दोराची. तिच्या एका टोकाला बैल आहे आणि दुसऱ्या टोकाला, जरा सैलसर का होईना, माणूसही आहे. बैल सुटल्याशिवाय औत्या सुटत नाही.

संस्कृतातही हेच चित्र आहे, मात्र तिथे बैलांच्या जागी घोडे आहेत. ‘अवसान’ हा शब्द ऋग्वेदकाळी घोडे रथापासून सोडण्याच्या जागेला, मुक्कामाला लावला जाई. ‘सो’ या धातूला ‘अव’ लागून तो झाला आहे आणि त्याच्या मुळाशी गाठ सोडण्याची कल्पना आहे. पुढे पाणिनीने व्याकरणात हा शब्द उचलला आणि विरामाला अवसान ही संज्ञा दिली. ज्या वर्णापुढे दुसरा वर्ण नाही तिथे वाणीचा रथ थांबला. वाक्याच्या शेवटचा विसर्ग उच्चारताना आपण एका अर्थी घोडे सोडत असतो. त्याच धातूपासून ‘व्यवसाय’ही निघाला, आणि मराठीत तर अवसानाचा अर्थ पार पालटून बळ, धीर असा झाला. अवसान गळते तेव्हा आपल्या मनात मुक्काम नसतो. शब्दांच्या अशा उलथापालथीत मूळ चित्र पुसले जाते, पण ते शोधले की एका जुन्या सवयीचा माग लागतो. फिरत्या लोकांचे आयुष्य दोनच क्रियांत वाटले होते, जुंपणे आणि सोडणे. जुंपणे म्हणजे योग. सोडून वस्तीला राहणे म्हणजे क्षेम. योगक्षेम या जोडशब्दाचा वैदिक अर्थ कित्येक अभ्यासक असाच लावतात. मुंबईत नरिमन पॉइंटला आयुर्विमा महामंडळाच्या मुख्य कचेरीवर ‘योगक्षेम’ हे नाव आहे. आत शिरणाऱ्या हजारो नोकरदारांना सकाळी जुंपणे आणि संध्याकाळी सोडणे या दोन्ही गोष्टी त्या एका नावात रोज भेटतात.

गाठ दोराचीच असते असे नाही. पाठांतराचीही असते. प्राचीन विद्यार्थ्याच्या सुट्टीला नाव होते अनध्याय. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात अनध्यायाच्या प्रसंगांची लांबलचक यादी आहे, आणि ती वाचताना धर्मशास्त्राचा कोरडेपणा विसरायला होतो. पावसाळ्यात वीज कडाडली, उल्का पडली, धरणी हलली, रात्री वाऱ्याचा आवाज कानी आला, दिवसा धुळीचे लोट उठले, कोल्हे ओरडले, कुत्री, गाढवे, उंट ओरडू लागले, तर वेद म्हणायचे नाहीत. दुरून सामगान ऐकू येत असेल तर ऋचा म्हणायच्या नाहीत. अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी, चतुर्दशी या तिथी तर ठरलेल्याच. प्रतिपदाही वर्ज्य. रामायणाच्या सुंदरकांडात कृश झालेल्या सीतेचे वर्णन करताना हनुमानाला उपमा सुचते ती प्रतिपदेला पाठ करणाऱ्याच्या झिजत जाणाऱ्या विद्येची. सीतेचे दुःख सांगायला कवीला शाळेची सुट्टी आठवावी, यावरून ती रूढी लोकांच्या मनात किती मुरलेली होती ते कळते.

या यादीतल्या कारणांना आज आपण शकुन-अपशकुन म्हणून बाजूला सारतो. मला त्यांत दुसरे काही दिसते. पाठ करणाऱ्याचे कान ग्रंथाला बांधलेले असतात. जगात मोठा आवाज झाला की ते कान ग्रंथाकडून सोडवून जगाकडे लावायचे, असा या नियमाचा परिणाम होतो. वादळ सुरू असताना घोकत बसणे हा वादळाचाही अनादर आणि विद्येचाही.

अनध्यायाचे आणखी एक सुंदर कारण होते, थोर पाहुणे येणे. आठव्या शतकातला भवभूती हा विदर्भातल्या पद्मपूरचा. त्याच्या ‘उत्तररामचरिता’चा चौथा अंक अशाच सुट्टीने उघडतो. वाल्मीकींच्या आश्रमात वसिष्ठ, अरुंधती, दशरथाच्या राण्या आल्या आहेत, जनकही आला आहे. सौधातकि आणि दांडायन हे दोन शिष्य बोलत आहेत, आणि सौधातकीला या पिकल्या दाढ्यांचे कौतुक एवढ्यासाठीच आहे, की त्यांच्या पायी आज पाठ बंद झाला. थोड्याच वेळात सुटलेल्या बटूंचा कोलाहल ऐकू येतो. त्या खेळणाऱ्या पोरांत कौसल्येला एक मुलगा दिसतो, आणि त्याच्या अंगलटीत तिला आपला राम दिसतो. तो लव आहे. ती त्याची आजी आहे, पण दोघांनाही हे ठाऊक नाही. मग इतर मुले धावत येतात, एक नवलाचा प्राणी आलाय म्हणतात आणि लवाला ओढून नेतात. तो प्राणी म्हणजे अश्वमेधाचा घोडा. पुढचे युद्ध, ओळख, सीतेची भेट, सारे तिथून उलगडत जाते. त्या दिवशी पाठ चालू असता तर लव इतर मुलांसारखाच मान डोलावत बसला असता आणि कौसल्या त्याच्या शेजारून निघून गेली असती. भवभूतीने हे जाणूनबुजून योजले असावे असे मला दर वाचनात वाटते. बारा वर्षे आवळलेली एका कुळाची गाठ सोडवायची, तर आधी मुलांना सुट्टी द्यावी लागते.

सण हा शब्दही याच वाटेवर भेटतो. संस्कृत ‘क्षण’ प्राकृतात आला तेव्हा त्याची दोन रूपे झाली. काळाचा बारीक तुकडा या अर्थी ‘खण’, आणि उत्सव या अर्थी ‘छण’. हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात हा भेद नोंदवला आहे. मग मराठीने आपल्या खोडीप्रमाणे छणाचा ‘सण’ केला. सण आणि सुट्टी, दोघांच्या माथी एकेकाळी छ होता आणि दोघे एकाच दारातून मराठीत शिरले. अमरकोशाने क्षणाचे तीन अर्थ दिले आहेत: काळाचे माप, उत्सव, आणि हाताला काही काम नसण्याची स्थिती. हा तिसरा अर्थ आपल्याकडे एका आडबाजूला टिकून राहिला. श्राद्धाला ब्राह्मणाला आमंत्रण देतात त्याला ‘क्षण देणे’ म्हणतात. त्या दिवशी आपला वेळ आमच्यासाठी मोकळा ठेवा, अशी ती विनंती आहे. आज क्षण म्हटले की आपण घड्याळातला सर्वांत लहान, निसटून जाणारा तुकडा समजतो. पूर्वजांच्या लेखी तो रिकामा, दुसऱ्याला देता येण्याजोगा वेळही होता.

आपल्या जुन्या सणांकडे सुट्टी म्हणून पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. सुट्टी आधी साधनाला मिळते. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू येत नाही. आदल्या दिवशी खांदेमळणी होते, हळद आणि लोणी लावून घट्टे पडलेले खांदे चोळतात. दक्षिण महाराष्ट्रात हाच मान आषाढात बेंदराला मिळतो. नागपंचमीला नांगर चालत नाही, खणायचे नाही. घरात चिरायचे नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणजे त्या दिवशी जमीन, कुदळ, विळी आणि तवा सगळे सुटतात. श्रावणातल्या शितळा सप्तमीला चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचे शिळे खातात. खंडेनवमीला हत्यारे आणि अवजारे धुऊन पुसून पूजेला मांडतात, आणि पाटीवर सरस्वती काढली की पोरांनी पुस्तक उघडायचे नसते. मजुराला, बाईला, पोराला मिळायचा तो विसावा या वस्तूंच्या आडून. कष्टणाऱ्या माणसाने सरळ ‘मी दमलो’ म्हणून बसायची सोय नव्हती, पण बैलाचा सण आहे म्हटल्यावर मालकाचाही इलाज चालत नसे. धर्माने साधनाला सुट्टी देऊन माणसाला ती मिळवून दिली, हे मला त्या रूढींचे फार शहाणपणाचे अंग वाटते. त्यांची उणीवही तिथेच आहे. ज्याच्या साधनाचा सण नाही, त्याला सुट्टी नाही.

गिरणीतल्या यंत्राचा सण नव्हता.

१८८१ हे साल या दृष्टीने जपून ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी हिंदुस्थान सरकारने दोन कायदे केले. एक पराक्राम्य संलेखांचा, म्हणजे हुंड्या, चेक, वचनचिठ्ठ्या यांचा. त्याच्या २५ व्या कलमात म्हटले आहे, की हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असेल तर ती आदल्या कामाच्या दिवशी देय धरावी. मग सार्वजनिक सुट्टी म्हणजे कोणती? रविवार, नववर्षदिन, नाताळ, गुड फ्रायडे, आणि सरकार जाहीर करील तो दिवस. आजही महाराष्ट्र शासनाचा सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी सुट्ट्यांची जी यादी काढतो, ती याच कलमाच्या आधाराने. गुढीपाडव्याची किंवा गणेश चतुर्थीची सुट्टी आपल्याला मिळते, तिचा कायदेशीर उगम हुंडीच्या मुदतीत आहे.

दुसरा कायदा कारखान्यांचा. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचे नाही; सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचे नाही; त्यांना तासभर विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या द्यायच्या. मोठ्या माणसांबद्दल, बायांबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. त्या काळी गिरणीत दिव्यांची सोय नव्हती, म्हणून काम सूर्योदयाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपे, आणि उन्हाळ्यात ते तेरा-चौदा तासांवर जाई. म्हणजे १८८१ साली या देशात रविवारची सुट्टी हुंडीला होती, आणि ज्याच्या घामावर त्या हुंड्या निघत त्या गिरणीकामगाराला नव्हती. कागद सुटला होता, माणूस बांधलेलाच होता. हे दोन कायदे शेजारी शेजारी ठेवून वाचले की मला आजही अस्वस्थ व्हायला होते.

ती गाठ सोडवायला हात घातला तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८४८ साली जन्मलेले लोखंडे स्वतः गिरणीत नोकरी केलेले, जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, आणि १८८० पासून ‘दीनबंधु’ हे पत्र चालवणारे. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. मागण्या आज वाचल्या तर साध्या दिसतात: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई. रविवार हा खंडोबाचा वार, तेव्हा कुलदैवताच्या दिवशी तरी कामगाराला सोडा, असाही युक्तिवाद त्यांनी केल्याचे सांगतात. तो त्यांनी केला असेल तर त्यातली समज मोठी आहे. साहेबाचा रविवार चर्चचा होता, तोच जेजुरीचाही आहे हे दाखवल्यावर यंत्रालाही एक सण मिळत होता.

सहा वर्षे अर्ज, सभा, पुन्हा अर्ज. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीजवळच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया उठून बोलल्या, आणि ते साल लक्षात घेता मला हे त्या सभेतले सर्वांत मोठे पाऊल वाटते. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या सुधारित कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारचा अर्ध्या तासाचा विसावा हे दोन्ही कलमांत आले. लोखंडे १८९७ च्या प्लेगात वारले, तेव्हा ते पन्नाशीलाही पोचले नव्हते. रविवारी सकाळी उशिरा उठणाऱ्या किती मराठी घरांत त्यांचे नाव माहीत आहे? शाळेत जेवणाच्या वेळेला आपण मधली सुट्टी म्हणतो, आणि गिरणीतल्या त्या अर्ध्या तासाची आठवण त्या शब्दाजवळ ठेवायला हवी, असे मला मनापासून वाटते.

पण गिरणी सुटली, शाळा सुटली, ऑफिस सुटले, तरी घर सुटत नाही. बाईच्या कामाला सुटण्याची वेळ नाही, कारण ते काम बांधलेले आहे हेच कोणी मान्य करत नाही. सणाच्या दिवशी तवा सुटतो, पण पुरणाचे दिंड उकडायचे असतात. शितळा सप्तमीला चूल थंड, पण आदल्या रात्री दुप्पट स्वयंपाक. तिला जो खरा विसावा मिळे तो माहेरी, आणि माहेरी जायचे तर भावाने किंवा दुसऱ्या कोणी न्यायला यावे लागे. या न्यायला येणाऱ्याला मराठीत खास शब्द आहे, मुराळी. न्यायला येणाऱ्या माणसासाठी वेगळा शब्द घडवावा लागला, यातच केवढी वाट पाहणे साठले आहे. जात्यावरच्या ओव्यांत हा मुराळी, त्याचा घोडा, त्याच्या वाटेकडे लागलेले डोळे पुन्हा पुन्हा येतात. मुराळी आला तरी सासूने, सासऱ्याने होकार द्यायचा. सणावारी साऱ्या घराला सुट्टी, तिला मात्र रजा. अरबी शब्दाच्या अगदी मूळ अर्थाने रजा.

सुटणे या क्रियापदाची एक काळी बाजूही आहे आणि ती टाळून या शब्दाविषयी बोलणे मला अप्रामाणिकपणाचे वाटेल. शाळा सुटते तशी नोकरीही सुटते. लांबलेल्या आजारातून माणूस गेला की शेजारी हळू आवाजात ‘सुटला बिचारा’ म्हणतात. नवरा-बायको वेगळी झाली की सोडचिठ्ठी होते. या सुटण्यांत मागे परतणे नाही. सुट्टी त्यांच्याहून निराळी ठरते ती याच एका कारणाने, की सुटलेला पुन्हा जुंपला जाणार आहे. परत कामावर जायचे असते म्हणून रविवार रविवार असतो. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. लालबाग-परळच्या चाळींत त्यानंतर लाखभराहून अधिक माणसांकडे वेळच वेळ होता. भोंग्याची घाई नव्हती, पाळी नव्हती. त्या महिन्यांना, वर्षांना कोणी सुट्टी म्हटले नाही. पूर्वी संध्याकाळी ‘गिरणी सुटली’ म्हणत. आता तोंडात एकच वाक्य राहिले, ‘गिरणी बंद पडली’. ज्या गाठीचा काच आयुष्यभर सोसला, ती तुटल्यावरच कळले की घरचे दाणे, मुलांची फी, गावाकडची मनिऑर्डर, चार माणसांतले स्थान हे सगळे त्याच गाठीला बांधलेले होते. बेकाराला सुट्टी नसते. भाषेने हे फार आधी ओळखले होते.

मोलाने राबणाऱ्यांच्या बोलीत या सगळ्याला आणखी एक शब्द आहे, खाडा. कामावर न आलेला, म्हणून पैसे कापले जाणारे दिवस म्हणजे खाडे. सुट्टी आणि खाडा यांत कामाच्या बाईने घालवलेला दिवस तोच असतो. ती त्या दिवशी तापाने पडलेली असते, किंवा मुलाच्या शाळेत गेलेली असते, किंवा नुसती पाय पसरून बसलेली असते. फरक पडतो तो हिशेबाच्या वहीत. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी काम बंद ठेवले आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. घरमालकिणी कामगारांसारख्या संघटित बायांची कल्पनाही करत नव्हत्या त्या काळातली ही गोष्ट. तरी अजून कित्येक सुशिक्षित घरांत, जिथे शनिवार-रविवार जोडून सुट्टी आहे आणि महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा दिला तेव्हा ज्यांनी पेढे वाटले, त्या घरांत स्वयंपाकघराच्या दाराआडच्या कॅलेंडरवर बाईच्या न येण्याच्या तारखांभोवती पेनाने गोल केलेले असतात. महिना भरला की त्या गोलांची मोजणी होते. त्यातले किती सुट्टीत धरायचे आणि किती खाड्यात, हे त्या घरातली मालकीण ठरवते, आणि बहुधा मोजून झाल्यावर ठरवते.